कॅलेंडर सिंक करताय? आधी या चुका टाळा

वेब ॲपमधल्या अपॉइंटमेंट मेल सर्व्हरच्या कॅलेंडरवर दिसायला हव्यात, ही मागणी सांगली-मिरजेत आता दवाखान्यांपासून मार्केट यार्डातल्या पेढ्यांपर्यंत सगळीकडून येते. आणि जिथं जावं तिथं घोळ तेच.

सगळ्यात वाईट घोळ यूआयडीचा, म्हणजे प्रत्येक इव्हेंटच्या स्वतंत्र ओळखखुणेचा. मिरजेतल्या एका दवाखान्यात ॲप दर सिंकला प्रत्येक इव्हेंटला नवा यूआयडी द्यायचं. सर्व्हरच्या लेखी तो नवाच इव्हेंट. दुपारपर्यंत डॉक्टरांच्या मोबाईलवर सकाळी नऊच्या एकाच ऑपरेशनची चळत लागली. ॲप लिहिणाऱ्यानं उपाय काय काढला, तर रोज रात्री सगळं कॅलेंडर पुसून पुन्हा भरणारी स्क्रिप्ट. त्या इव्हेंटमध्ये पेशंटचे ईमेल होते. रात्रीत प्रत्येकाला आधी 'रद्द'चा मेल गेला, मग नवं आमंत्रण. कवठेमहांकाळहून येणाऱ्या एका आजींच्या मुलानं फक्त पहिला मेल वाचला आणि त्या निघाल्याच नाहीत. 'पुसा आणि भरा' हा शॉर्टकट मी कुणालाही करू देत नाही.

यूआयडी इव्हेंट तयार होतानाच डेटाबेसमध्ये ठेवायचा, तो जन्मभर बदलायचा नाही. मी शेजारच्याच कॉलममध्ये सर्व्हरनं दिलेला ईटॅगही (इव्हेंटच्या त्या वेळच्या आवृत्तीची खूण) ठेवतो. वेळ बदलली की यूआयडी तोच, सिक्वेन्स (बदलाचा क्रमांक) एकनं वाढवायचा, आणि पाठवताना इफ-मॅच हेडरमध्ये ('खूण जुळली तरच बदल कर' असं सर्व्हरला सांगणारी ओळ) तो ईटॅग घालायचा. सर्व्हरकडून ४१२ हा नकार आला म्हणजे मधल्या काळात कुणीतरी मोबाईलवरून बदल केलाय. आधी तो आणा, मग आपला पाठवा.

दुसरं, टाइमझोन. सकाळी साडेदहाच्या वेळेला शेवटी झेड लावून पाठवलं की सर्व्हर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो आणि मोबाईलवर दुपारचे चार दिसतात. मग घाईतली पोरं कोडमध्ये साडेपाच तास वजा करतात. भारतातल्या वेळेपुरतं ते चालतं, पण मीटिंग लंडनच्या वेळेनं ठरलेली असली आणि तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात तासानं पुढं गेलं, की हे गणित फसतं. 'आयएसटी' लिहून भागत नाही, ते इस्रायलचंही आहे. टाइमझोनचं नाव द्यायच्या टीझेडआयडीमध्ये सरळ 'एशिया/कोलकाता' लिहा.

पूर्ण दिवसाच्या इव्हेंटला वेळ देऊच नका, नुसती तारीख द्या. १५ ऑगस्टच्या सुट्टीचा डीटीएंड (शेवटची तारीख) १६ ऑगस्ट असतो, कारण तो दिवस इव्हेंटमध्ये धरत नाहीत.

सिंक टोकन (मागच्या वेळी कुठपर्यंत वाचलं याची खूण) कधी ना कधी बाद होतंच. गूगल कॅलेंडर तेव्हा ४१० ही एरर देतं, तेव्हा पहिल्यापासून सगळं वाचून घ्या.

एक्स्चेंज ऑनलाइनला (मायक्रोसॉफ्टची मेल-कॅलेंडर सेवा) पासवर्ड पाठवत बसू नका, ऑक्टोबर २०२२ पासून तो रस्ता बंद होत गेला. ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन) वापरा. आणि चाचणीसाठी वेगळं कॅलेंडर काढा, डॉक्टरांचं नको.