टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणजे पेशंट वाचला असं नाही : या चुका टाळा

तालुक्याला टीबीच्या कामात मला सोळा वर्षं झाली. निदान झालं, गोळ्या हातात दिल्या, "घाबरू नका, सहा महिन्यांत ठणठणीत व्हाल" म्हणून घरी पाठवलं आणि पंधरा दिवसांत पेशंट गेल्याचा फोन आला, हे मी फार वेळा बघितलंय. उपचारावर असताना जे दगावतात, त्यातले बरेचसे पहिल्या दोन महिन्यांतच जातात. अशा पेशंटची धोक्याची चिन्हं बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच समोर असतात. आपण बघत नाही.

पहिल्या दिवशी पेशंट नीट न बघणं

ऊसतोडीवरून परतलेली एक बाई, वय चौतीस. नवऱ्याने मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून दिराने धरून आणली होती. नोंदणीला बसलेल्या नव्या मुलाने तिला बाकावरून उठवलंसुद्धा नाही. "वजन किती?" "असंल चाळीस." त्याने चाळीस लिहिलं, त्या वजनाच्या तीन गोळ्या रोजच्या म्हणून पाकीट दिलं.

नवव्या दिवशी मी घरी गेलो तर ती बाजेवर पडून. काट्यावर उभं राहता येईना. नवऱ्याचं एकट्याचं वजन केलं, मग तिला उचलून घेऊन त्याला परत उभं केलं. फरक निघाला २९ किलो. उंची १५० सेंमी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) १३ च्याही खाली, आणि गोळ्या हव्या होत्या दोन. पायावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला, म्हणजे सूज. श्वास मिनिटाला ३२, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के. गाडी बोलावून जिल्ह्याला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. नोंदवहीत तिचं वजन अजून चाळीसच आहे.

तमिळनाडूने २०२२ पासून नेमकी हीच तपासणी राज्यभर सुरू केली. बीएमआय १४ किंवा त्याखाली, १६ पर्यंत असला पण पायावर सूज, श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा आधाराशिवाय उभं राहता न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी पेशंटला घरी पाठवायचं नाही, भरतीसाठी तपासायचं. लागतं काय? काटा, उंचीची पट्टी, ऑक्सिमीटर आणि घड्याळ.

माझी सवय सांगतो. गोळ्यांना हात लावायच्या आधी मी पेशंटला हात न धरता खुर्चीतून उठायला सांगतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. रांग मोठी आहे हे कारण मी ऐकून घेत नाही.

पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणं

केळं नको, दही नको, भात नको, अंडं गरम पडतं. टीबीला असलं कुठलंही पथ्य नाही. झारखंडात २,८०० पेशंटना गोळ्यांबरोबर तांदूळ, सत्तू, दूध पावडर, तेल असा महिन्याला १० किलो शिधा दिला. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले : पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करतो. वाढत नसेल तर आधी घरात काय शिजतं ते विचारतो, मग डॉक्टरांना दाखवतो. निक्षय पोषण या टीबी पेशंटच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे आता महिना १,००० रुपये मिळतात, पण ते खात्यात पडायची वाट बघत बसू नका. शेंगदाणे, डाळ, अंडी आजपासून सुरू करा.

बाकीच्या चुका थोडक्यात. शुगर आणि एचआयव्ही प्रत्येकाची तपासा, "चांगल्या घरचा आहे" म्हणून सोडू नका. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बदलत बसू नका, थुंकी तपासा. दोन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. दारू पिणाऱ्याला रागावून हाकलू नका, तो परत येत नाही आणि घरीच दगावतो.

आणि डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या होत असल्या, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. शनिवारी संध्याकाळी फोन आला तर "सोमवारी या" म्हणू नका.