जुन्या पत्त्यावरून जपानी गाव कसं शोधायचं

२०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. माळ्यावर चढवलेली ट्रंक वाचली, पण ओल लागायची ती लागलीच. तिच्यात माझ्या जपानी पत्रमैत्रिणीची पत्रं होती, कॉलेजात असल्यापासूनची. शाई पसरून पिनकोड पुसला गेला. उरलं एवढंच : दाइतो-चो, ओहारा-गुन, शिमाने-केन. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं त्याच पत्त्यावर पत्र टाकलं आणि तीन महिन्यांनी ते परत आलं. चूक माझीच. दाइतो हे नगर २००४ सालीच बरखास्त झालं होतं आणि ओहारा हा गुनही. मला हे कळायला महिना गेला. तुमच्याकडे असा एखादा जुना पत्ता असेल तर तासाभराचं काम आहे.

आधी पत्ता शेवटाकडून वाचा. इंग्रजी लिफाफ्यावर घर आधी आणि केन शेवटी येतं, जपानीत बरोबर उलट. केन म्हणजे आपला जिल्हा समजा, पण अधिकारानं बराच मोठा. शि म्हणजे शहर. चो आणि माची हे एकाच अक्षराचे दोन उच्चार, अर्थ नगर. मुरा आणि सोन हेही तसेच, अर्थ खेडं. म्हणून एका कागदावर ‘चो’ आणि दुसऱ्यावर ‘माची’ दिसलं तर दोन गावं समजू नका.

गोंधळ घालतो तो गुन. त्याला मी तालुका म्हणते, पण हा कचेरी नसलेला तालुका. गुनच्या सभा १९२३ साली आणि कचेऱ्या १९२६ साली बंद झाल्या, तेव्हापासून तो फक्त पत्त्यात उरलाय. शिवाय शहर गुनमध्ये मोडत नाही. एखाद्या गुनमधली सगळी नगरं शहरात गेली की गुन आपोआप संपतो. ओहाराचं हेच झालं. त्यात दाइतो, कामो आणि किसुकी अशी तीनच नगरं उरली होती. शेजारच्या ईशी गुनमधल्या मितोया, काकेया आणि योशिदा-मुरा यांच्याबरोबर ती १ नोव्हेंबर २००४ला एकत्र आली आणि उन्नान-शि हे नवं शहर झालं. ईशीतली तोनबारा आणि आकागी बाहेर राहिली. पुढच्या १ जानेवारीला त्या दोघांचं ईनान-चो झालं, म्हणून ईशी गुन वाचला, एका नगराच्या जिवावर!

हे ऐकून हसू नका. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मु. नेवरी, ता. खानापूर, जि. दक्षिण सातारा’ असं आहे. दक्षिण सातारा १९४९ साली झाला, १९६०ला त्याचं सांगली झालं आणि नेवरी आता कडेगाव तालुक्यात. गाव आहे तिथंच आहे, वरच्या ओळी बदलल्या.

आता पत्राचं साल काढा. माझ्याकडच्या एका फोटोमागं ५८.११.३ असं लिहिलंय. मी कितीतरी दिवस १९५८ धरून बसले होते. तेव्हा तर माझा जन्मही नव्हता. तो शोवा ५८ होता, म्हणजे जपानी सम्राटाच्या राजवटीपासून मोजलेलं साल. आपण शकात ७८ मिळवतो तसं शोवा सालात १९२५ मिळवायचे, म्हणजे १९८३. हेइसेइ असेल तर १९८८, मेइजी असेल तर १८६७.

साल कळलं की गाव एकत्रीकरणाच्या कुठल्या लाटेत गेलं ते समजतं. लाटा तीन. १८८९ साली ७१,३१४ गावांची १५,८५९ केली. १९५३च्या कायद्यानंतर दुसरी लाट आली, तेव्हा एक माध्यमिक शाळा चालवता येईल एवढं, म्हणजे साधारण आठ हजार वस्तीचं गाव हवं असा हिशेब होता. तिसरी १९९९ ते २०१० : ३,२३२ वरून १,७२७. माझ्यासारख्यांची पत्रं बहुतेक या तिसरीत अडकतात. अख्ख्या शिमानेत आता एकच मुरा उरलंय, ओकी बेटांवरचं चिबु.

पुढची खबरदारी नावाची. आपल्याकडं बोरगाव म्हटलं की ‘वाळव्यातलं का साताऱ्याजवळचं?’ असं विचारावं लागतं. दाइतो-चो तर तीन होती, तिन्हींची अक्षरंही तीच. शिमानेतलं उन्नानमध्ये गेलं, शिझुओकातलं एप्रिल २००५ला काकेगावात आणि इवातेतलं त्याच सप्टेंबरात इचिनोसेकीत. वर्षभरात तिन्ही खलास. म्हणून नुसतं गावाचं नाव शोधू नका, केन आणि गुन जोडूनच शोधा. आणि उन्नान जपानी अक्षरांत शोधलंत तर चीनचा युनान प्रांत समोर येतो, कारण अक्षरं तीच आहेत. एक अख्खी दुपार मी चहाचे मळे बघत बसले. पुढं ‘शि’चं अक्षर लावलं तेव्हा कुठं सुटका झाली.

नवा पत्ता लिहिताना एक खोच आहे. शहरात जुन्या नगराचं नाव बहुतेक आत राहतं : शिमाने-केन, उन्नान-शि, दाइतो-चो. योशिदा-मुरा तर खेड्याचं योशिदा-चो होऊन बसलं. पण नगरं मिळून पुन्हा नगरच झालं असेल तर असं दुहेरी ‘चो’ शक्यतो ठेवत नाहीत. जवळच नीता-चो आणि योकोता-चो मिळून ३१ मार्च २००५ला ओकुइझुमो-चो झालं. तिथं नीता-चो हा शब्द गळाला आणि ओकुइझुमोनंतर थेट मिनारी किंवा योकोता असं वाडीचं नाव येतं. (याच ओकुइझुमोत अजून हिवाळ्यात जुन्या पद्धतीची भट्टी पेटवून तलवारींचं पोलाद काढतात. पत्ता शोधता शोधता माणूस असा भरकटतो.)

पिनकोड २ फेब्रुवारी १९९८पासून सात आकडी झाला. जुना तीन किंवा पाच आकडी असेल तर टाकू नका, पहिले आकडे सहसा तेच राहतात. दाइतोकडचे ६९९ने सुरू होतात. पुढचे आकडे जपानी पोस्टाच्या संकेतस्थळावर वाडीचं नाव घालून काढायचे.

सगळं जमलं तरी खात्री वाटत नसेल तर रेल्वेचा नकाशा काढा. नगर गेलं तरी स्टेशनाचं नाव सहसा कुणी बदलत नाही. किसुकी लाइनवर इझुमो-दाइतो स्टेशन अजून आहे. मैत्रिणीनं एका पत्रात घरापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता पेन्सिलीनं काढला होता : पूल, देऊळ, मग वळण. तोच नकाशाशेजारी धरला आणि वाडी सापडली.

परवा नवा पत्ता वर आणि जुना खाली कंसात लिहून विश्रामबागच्या पोस्टात पत्र दिलं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘काकू, दोन पत्ते कशाला?’