जुना ट्रॅक्टर बंद पडला? पंप खोलायच्या आधी या चुका टाळा

जुना ट्रॅक्टर शेतात बंद पडला की बांधावरचा निकाल ठरलेला असतो, "डिझेलचा पंप गेला". त्याहून मोठा निकाल, "इंजिन उतरवा". माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोष टाकीपासून पंपापर्यंतच कुठेतरी असतो आणि दोन पान्यांत निघतो, म्हणून सुरुवात नेहमी टाकीपासून करा.

आमच्या ४ सिलेंडरला दोन वर्षांमागं असंच झालं. नांगराला लावला की अर्ध्या तासाने आवाज उतरायचा, मग बंद. दहा मिनिटं उभा केला की परत चालू. डिझेल फिल्टर बदलले, पाइपांत अडकलेली हवा काढली, शेवटी पंप खोलून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवायला दिला, आठ दिवस गेले, पेरणी तोंडावर आलेली, पैसे गेले ते वेगळेच. पंप बसवला, अर्धा तास चालला, परत तेच. मग बंद पडल्या पडल्या वडिलांनी टाकीचं झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाला हवेसाठी सुईएवढं भोक असतं, ते कुंभारमाशीनं मातीने लिंपून टाकलं होतं! जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंपाला (टाकीतून डिझेल खेचून मोठ्या पंपाकडे देणारा छोटा पंप) डिझेल खेचता येत नाही, उभा केला की हळूहळू हवा शिरते म्हणून परत चालू होतो. भोकात तार घातली, काम संपलं.

तेव्हा ट्रॅक्टर असा दमून बंद पडला तर तिथल्या तिथं झाकण सैल करून बघा. मग टाकीखालच्या कॉकची जाळी, मग रबरी पाइप. टाकी ते फीड पंप या भागात गळती असेल तर डिझेल बाहेर येतंच असं नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि रोज सकाळी हवा काढत बसावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे सेल्फ मारताना धुराकडे न बघणे. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय पण पकडत नाही, म्हणजे डिझेल येतंय पण जळत नाही, तिथं कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला हवेचा दाब), हवा तापवणारा हीटर, किंवा इंजिन हळू फिरणं हे बघायचं. हळू फिरत असेल तर बॅटरीला नावं ठेवायच्या आधी बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली अर्थची पट्टी सोडवून खालचा गंज घासून काढा. चालू ट्रॅक्टर काळा धूर टाकत असेल तर आधी एअर क्लीनरची वाटी उघडा, तेलात चिखल झालेला असतो. निळा धूर मात्र इंजिन ऑइल जळाल्याचा.

आता मिसिंग, म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नाही. इथं लोक सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल एकदम बदलतात, ते करू नका. इंजिन स्लोवर ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. आवाज पडला तर तो सिलेंडर काम करतोय, काहीच फरक नाही पडला तर दोषी तोच. मग त्याचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा, दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह, टॅपेट, रिंगा बघायच्या. नोझल काढलं की खालचा तांब्याचा वायसर बाहेर आला का ते टॉर्च मारून बघा, तो भोकातच चिकटून राहतो आणि वरून नवा टाकला की नोझल उंच बसतं. पाइप जागच्या जागी लावा, कारण सिलेंडर ठरलेल्या क्रमानेच पेटतात. कांदिवलीला १९६५ पासून बनायला लागलेल्या जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरचा हा क्रम १-३-४-२ आहे, ३ सिलेंडरच्या जुन्या मॅसी फर्ग्युसनचा १-२-३.

आणि एक कळकळीचं सांगणं. सैल नटाजवळ उघडा हात किंवा बोट नको. नोझलमधून डिझेल दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोच्या वर दाबाने सुटतं, कातडीतून आत शिरतं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

थंडीत पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरला धरायची सवय पण सोडा. इंजिन ठणकन वाजतं ना, तो मार थेट पिस्टन आणि रिंगांना बसतो, आणि इनटेकमध्ये हीटर असेल तर भडका उडायची भीती. इंजिन तापलं म्हणून लगेच थंड पाणी ओतणं तेवढंच वाईट, हेडला चीर जाते.

ऑइलची काडी रोज काढा, पण फक्त कमी झालंय का एवढंच बघू नका. ऑइल वाढलं असेल तर थांबा. वास घ्या, डिझेलचा वास आला आणि बोटाला पातळ लागलं तर डायफ्रामवाल्या फीड पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटून डिझेल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत असेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबर बघायला लागतील. दोन्हीत ट्रॅक्टर चालूच करायचा नाही, बेअरिंग जातील.