तळघराची कोरडी खोली कशी करावी

तळघराची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी आणि प्रत्यक्ष काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे. एप्रिलमध्ये कोरडेठाक दिसणारे तळघर पाहून आत लाकडी कपाटे बसवली, की पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटू लागतात आणि कपाटांच्या पाठीला बुरशी धरते. पुण्यातल्या बंगल्यांच्या बाबतीत याचे कारण जमिनीतच आहे. येथे माती आणि मुरूम काढून खाली काळ्या पाषाणात खड्डा घेतात आणि भिंत उभी राहिल्यावर तिच्या बाहेरची पोकळी भरावाने बुजवतात. पावसाचे पाणी त्या सैल भरावातून झपाट्याने खाली उतरते, पण खालचा कठीण पाषाण त्याला पुढे वाट देत नाही, आणि तळघर जणू भरलेल्या हौदात उभे राहते. भिंतीबाहेर 1 मीटर उंचीचे पाणी साठले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब पडतो. आतून दिलेला साधा रंग हा दाब कधीही पेलू शकत नाही. म्हणूनच तळघराच्या कामाला रंगाऱ्यापासून सुरुवात करणे ही मूळ चूक आहे, असे मी ठामपणे सांगेन.

कोणतेही काम सुरू करण्याआधी मंजूर नकाशा काढून तळघर कोणत्या वापरासाठी दाखवले आहे ते पाहावे आणि वापर बदलायचा असल्यास पालिकेची परवानगी घ्यावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची किमान 2.4 मीटर असावी लागते. तेथे झोपण्याची खोली करू नये; साठवणीची किंवा छंदाची खोली पुरे. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीतील जुन्या राजिंदर नगरमध्ये वाचनालय म्हणून वापरल्या जाणाऱ्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. रस्त्यावरचे पाणी जिन्यावरून आत येणार नाही इतका उंच उंबरा आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट, या दोन गोष्टींचा खर्च कधीही वाचवू नये.

आता ओल नेमकी कुठून येते हे ठरवावे. जाड प्लास्टिकचा दोन फूट लांब-रुंद तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि तो दोन दिवस तसाच राहू द्यावा. खोलीकडच्या बाजूवर थेंब जमले, तर हवेतले बाष्प थंड पृष्ठभागावर दवासारखे बसते आहे. प्लास्टिक सोलल्यावर त्याच्या मागे भिंत काळपट, ओली दिसली, तर पाणी भिंतीतून येते आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत चढलेला ओलीचा पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला फुललेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, ही पायातून वर ओढल्या जाणाऱ्या ओलीची खूण असते. पावसानंतर काही तासांनी एकाच जागी वाढणारा डाग फटीकडे बोट दाखवतो. भर उन्हाळ्यातही तो वाळत नसेल, तर जवळची पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी तपासावी.

पहिला खर्च घराबाहेर करावा. गच्चीचे पाणी उतरवणारे पाइप पुष्कळदा भिंतीच्या पायथ्याशीच मोकळे सोडलेले असतात. ते पाणी बंद वाहिनीतून दूर न्यावे, भिंतीलगतचे फुलझाडांचे वाफे काढावेत आणि जमिनीला घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला सुमारे 2 सेंटीमीटर उतार द्यावा. पुष्कळ तळघरांची निम्मी ओल एवढ्यानेच हटते, असा माझा अनुभव आहे. तेवढ्याने भागले नाही आणि बाहेर जागा असली, तर भिंतीलगत टप्प्याटप्प्याने चर खणून भिंतीला बाहेरून जलरोधक थर द्यावा, तळाशी छिद्रे असलेला पाइप कापडी गाळणीत गुंडाळून खडीत बसवावा आणि त्याचे पाणी खड्ड्यात घेऊन पंपाने उपसावे. चराच्या कडांना आधार दिल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नये. नव्या बांधकामात शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळाखालून आणि भिंतींबाहेरून पेटीसारखे जलरोधक आवरण, करून घेता येते. उभ्या घराच्या बुडाखाली मात्र ते करता येत नाही.

आतल्या कामात हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकत जावे आणि जेथे पोकळ आवाज येईल तेथे तो पूर्ण काढून टाकावा. भिंत काँक्रीटची असेल, तर फटींमध्ये नळ्या बसवून ग्राउटिंग करावे, म्हणजे दाबाने पातळ सिमेंटसारखे मिश्रण भरावे, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात सिमेंटची गोलाई द्यावी आणि मग काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करून ती बुजवणारा, स्फटिकी पद्धतीचा सिमेंटयुक्त लेप दोन हातांत द्यावा. तो ओलसर काँक्रीटवरच नीट काम करतो. जुन्या वाड्याचे दगड-चुन्याचे तळघर ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्या भिंती श्वास घेतात. त्यांवर सिमेंटचा घट्ट थर दिला, तर आत अडकलेली ओल आणखी वर चढून वरच्या मजल्याच्या तुळयांपर्यंत पोहोचू शकते. तेथे दरजा चुन्याने भराव्यात आणि गिलावाही चुन्याचाच करावा, मग तो अधूनमधून बदलावा लागला तरी चालेल.

उंची वाढवण्यासाठी जमीन खोल खणण्याचा मोह संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय कटाक्षाने टाळावा, कारण पायाखालची माती मोकळी झाली, तर संपूर्ण घराला धोका निर्माण होतो. आहे त्या जमिनीवर 250 मायक्रॉनचे प्लास्टिक एकमेकांवर चढवून अंथरावे, कडा भिंतीवर वळवाव्यात आणि त्यावर काँक्रीट टाकून फरशी बसवावी. लाकडी फरशी नको. विजेची बटणे आणि सॉकेट उंचावर घ्यावीत आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा.

शेवटचा प्रश्न हवेचा. पावसाळ्यात बाहेरची हवा 28 अंश तापमानाची आणि 85 टक्के आर्द्रतेची असेल, तर सुमारे 25 अंशांच्या किंवा त्याहून थंड भिंतीवर तिचे पाणी होते; म्हणून त्या दिवसांत खिडक्या सताड उघडून ओल जात नाही, उलट वाढते. तेव्हा दारे-खिडक्या बंद ठेवून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवावे आणि हिवाळ्याच्या कोरड्या दुपारी मात्र पंखा लावून खोलीत हवा खेळती ठेवावी. आर्द्रतामापक भिंतीवर टांगून ठेवावा. एक पूर्ण पावसाळा त्याचा काटा 60 टक्क्यांच्या खाली राहिला, की कपाटे आणावीत, तीही भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.