घड्याळ जुळवताना उशिरा आलेल्या संदेशांचे काय करावे

नागपुरात सीताबर्डीवरील एका छोट्या कार्यालयातील सर्व्हरचे घड्याळ रोज सायंकाळी सातनंतर सुमारे ४० मिलिसेकंद पुढे सरकत असे आणि सकाळपर्यंत पुन्हा जागेवर येत असे. घड्याळ निर्दोष होते. त्या वेळी दिवसभराच्या फायलींचा बॅकअप इंटरनेटवर चढत असल्यामुळे वेळ विचारणारा संदेश त्या रांगेत अडकून पडत होता.

असा दोष शोधण्यापूर्वी त्यामागचा हिशेब समजून घ्यावा. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजेच एनटीपी, ही नेटवर्कवरून संगणकांची घड्याळे जुळवण्याची पद्धत. ती प्रत्येक फेरीत चार क्षणांची नोंद करते: आपण संदेश पाठवला तो क्षण, वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला तो मिळाला तो, सर्व्हरने उत्तर धाडले तो आणि ते आपल्याकडे पोहोचले तो. समजा, आपले घड्याळ अगदी बरोबर आहे, परंतु संदेशाला जाताना ९५ मिलिसेकंद लागले आणि उत्तराला येताना १५. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असे हे गणित धरून चालते. त्यामुळे ते ११० चे ५५-५५ असे दोन भाग पाडते आणि आपले घड्याळ ४० मिलिसेकंद मागे असल्याचा निष्कर्ष काढते. एकूण विलंब किती हे चार नोंदींवरून कळते, तो कोणत्या दिशेला झाला हे मात्र कळत नाही. म्हणून उशिरा आलेला संदेश दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. तो सरळ वगळावा.

त्यासाठी प्रथम क्रॉनी या एनटीपीने घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये मोजमापांची नोंद सुरू करून किमान दोन दिवसांचे आकडे जमवावेत आणि प्रत्येक फेरीचा विलंब व घड्याळातील फरक शेजारी-शेजारी मांडावेत. वरील कार्यालयात शांत वेळी विलंब ३२ आणि फरक १ मिलिसेकंद होता. सायंकाळी हेच आकडे ११० आणि ४० झाले. विलंबातील वाढीच्या निम्म्याने फरक वाढला, तर दोष रस्त्याच्या एकाच बाजूला आहे असे समजावे.

एनटीपीच्या मूळ रचनेत शेवटच्या ८ नमुन्यांपैकी (म्हणजे मोजमापांपैकी) सर्वांत कमी विलंबाचा नमुना निवडण्याची सोय आहे. ती क्षणिक अडथळ्यावर उत्तम चालते, पण दर ६४ सेकंदांनी विचारणा होत असेल तर ८ नमुने साडेआठ मिनिटांत संपतात आणि दोन तास चालणाऱ्या बॅकअपमध्ये आठही नमुने बिघडलेलेच असतात. म्हणून क्रॉनीतील ‘मॅक्सडिले’ ही मर्यादा स्वतः ठरवावी; तिच्याहून जास्त विलंबाचा नमुना वगळला जातो. तिचे मूळ मूल्य ३ सेकंद, म्हणजे अशा कामासाठी फारच सैल आहे. शांत वेळचा विलंब ३२ असेल तर ४५ मिलिसेकंद पुरेत. त्याहून फार घट्ट करू नये, कारण इंटरनेटचा मार्ग बदलून विलंब कायमचा वाढला तर सर्वच नमुने नाकारले जातील आणि घड्याळ वाऱ्यावर सुटेल.

वेळ विचारण्यासाठी सर्व्हर किमान चार नेमावेत आणि त्यांत भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर असावा. मात्र चारही सर्व्हरकडे एकाच ब्रॉडबँडवरून जायचे असेल तर रांग सर्वांनाच लागते, हे अनेकदा लक्षात येत नाही. खरा उपाय राउटरवर करावा लागतो: बॅकअपचा वेग लाइनच्या अपलोड क्षमतेपेक्षा थोडा कमी ठेवावा आणि यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरील, म्हणजे एनटीपीच्या, संदेशांना प्राधान्य द्यावे. कार्यालयातील इतर संगणकांनी बाहेर विचारणा न करता कार्यालयातील या एका सर्व्हरकडूनच वेळ घ्यावी.

घड्याळ एकदम उडी मारून जुळवण्याची मुभा संगणक सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मोजमापांपुरतीच ठेवावी. मग पुढच्या सायंकाळी बॅकअप चालू असताना तीच नोंद पुन्हा उघडून विलंबाचा रकाना तपासावा.