विश्लेषणाचे निष्कर्ष बैठकीत कसे मांडावेत

विश्लेषण करणाऱ्याला आपण केलेले सगळे काम दाखवावेसे वाटते. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना मात्र आता काय ठरवायचे, एवढेच हवे असते. म्हणून स्लाइड करायला घेण्यापूर्वी या बैठकीत कोणता निर्णय व्हायचा आहे ते एका वाक्यात लिहून काढावे आणि ज्या आकड्यांनी त्या निर्णयात काही फरक पडत नाही ते खुशाल परिशिष्टात टाकावेत. प्रत्येक स्लाइडच्या शीर्षकातच निष्कर्ष यावा. ‘तिमाही विक्री’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘घट फक्त जुन्या ग्राहकांच्या मागणीत आहे’ हे वाचताच चर्चा सुरू होते.

सर्वांत जास्त काळजी तुलनेची घ्यावी. २८ जानेवारी १९८६ रोजी नासाचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच हवेतच फुटून सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीत रॉकेटचे सांधे घट्ट बंद ठेवणाऱ्या ओ-रिंग नावाच्या रबरी कड्या दगा देतील, असा इशारा ते रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच नासाला दिला होता. परंतु ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली होती त्यांचीच तापमाने विचारात घेतली गेली, आणि इजा थंड दिवशीही झाली होती तशी उबदार दिवशीही, त्यामुळे तापमानाचा संबंध ठळकपणे दिसला नाही. पुढे अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही हिशेबात धरली, तेव्हा चित्र स्वच्छ झाले: ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत इजा होती, तर ६३ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत ती होती. तेव्हा तक्रारींचा आलेख करताना ज्या शाखांतून एकही तक्रार आली नाही त्या शाखाही त्यावर असल्याच पाहिजेत.

‘तक्रारी दुप्पट झाल्या’ असे म्हणताना त्या ५ वरून १० झाल्या की ५०० वरून १०००, आणि एकूण किती व्यवहारांत, हे त्याच वाक्यात सांगावे. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. माहितीत उणीव असेल तर ती शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरांत न ढकलता त्या आकड्याशेजारीच लिहावी. प्रश्न विचारला जाण्याआधी उत्तर दिसले की ऐकणाऱ्यांचा विश्वास बसतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याला स्लाइड दाखवाव्यात आणि तुम्ही काय निर्णय घ्याल, असे विचारावे. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले, तर त्याला तोंडी समजावत न बसता स्लाइडच बदलावी.