नवीन रिपोर्टर्ससाठी: ट्रान्सक्रिप्टवर डोळे झाकून विसंबू नका

एआय आपल्या नोकऱ्या खाणार का, असं नवीन पोरं विचारतात. काही खाल्ल्याच आहेत की. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१४ मध्येच कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या सॉफ्टवेअरकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. नुसते आकडे वाक्यात बसवून करिअर होईल असं वाटत असेल तर नाही होणार, आत्ताच सांगते.

पण मला नडलं ते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे एआय टूलने मुलाखतीचा ऑडिओ ऐकून लिहून काढलेलं बोलणं. ऑडिओ टूलमध्ये टाकायचा, टेक्स्ट आलं की त्यातून कोट उचलायचे आणि बातमी लिहून पाठवायची, डेडलाइन डोक्यावर असली की सगळे हेच करतात. नोकरी गेलेल्या एका बाईंना मी विचारलं होतं, कंपनीने आधी कल्पना दिली होती का? त्या म्हणाल्या, "दिली होती..." मग बराच वेळ गप्प, मग अगदी हळू, "म्हणजे, आम्हीच समजून घ्यायचं होतं." टूलने लिहिलं, "दिली होती." पुढचं गायब! अर्थ पार उलटा. डेस्कवरच्या एका सीनिअरने ऑडिओ मागितला म्हणून ते छापून आलं नाही. (मेंटॉर शोधताय तर असा खडूस माणूस शोधा, लिंक्डइनवर टिप्स वाटणारे नकोत.)

आणि टूल नुसतं गाळतं असंही नाही, पदरचं घालतंसुद्धा. ओपनएआय कंपनीच्या व्हिस्पर या असंच ट्रान्सक्रिप्ट काढणाऱ्या टूलवर २०२४ मध्ये संशोधन झालं, त्यात साधारण १ टक्का ऑडिओ तुकड्यांमध्ये कुणी न बोललेली वाक्यं सापडली, आणि जिथे बोलण्यात मोठे पॉज तिथे हे जास्त. आता विचार करा, माणूस थांबतो कुठे? जिथे बोलणं जड जातं तिथेच ना, आणि आपली स्टोरीही बहुतेक वेळा तिथेच असते. म्हणून मुलाखत चालू असतानाच वहीत वेळ टिपून ठेवा, "१२:४०, गप्प, हात चोळतायत" एवढं पुरे, नंतर ऑडिओत नेमकं तिथे जाता येतं.

एवढं वाचून टूल सोडून देऊ नका हां. तासाभराची मुलाखत हाताने टाइप करण्यात काही शौर्य नाही, मान तेवढी धरते. कुठे काय बोललं गेलं ते शोधायला ट्रान्सक्रिप्ट मस्त आहे. फक्त अवतरणचिन्हात जे जाणार ते प्रत्येक वाक्य हेडफोन लावून ऐकायचं, आणि बातमी छापून आली म्हणून ऑडिओ डिलीट करायचा नाही, कारण "मी असं बोललोच नव्हतो" हा फोन त्यानंतरच येतो.